बँडसाठी ईमेल लिस्ट: वर्षभर वापरल्यावरचा अनुभव (आणि तो पत्ता!)

हे लिहायला बसलोय कारण परवा ईमेल सर्व्हिसने कार्डवरनं पुढच्या स्लॅबचे पैसे कापले. आमचा बँड पुण्याचा, चौघांचा, गाणी स्वतःची आणि मराठी. मेल पाठवायला घेतलेली सर्व्हिस अमेरिकेतली, नाव घेत नाही, वापरणाऱ्यांना बिलावरनंच ओळखू येईल. यांच्याकडे कॉन्टॅक्ट किती त्यावर स्लॅब ठरतो, आणि ज्याने अनसबस्क्राइब केलं तोही कॉन्टॅक्ट म्हणून मोजतात, तुम्ही स्वतः जाऊन त्याला अर्काइव्ह करेपर्यंत. म्हणजे पंगतीला न आलेल्याच्या पानाचेही पैसे, तेही डॉलरमध्ये, वर बँकेचा फॉरेक्स चार्ज वेगळा. चॅटवर भांडलो तर बॉट दरवेळी तोच हेल्पचा लेख पाठवतोय. शेवटी एकदाचा माणूस आला, पुढच्या महिन्यापासून कमी होईल म्हणाला. कापलेले गेले ते गेलेच.

आता ऐकणाऱ्यांच्या ईमेलची लिस्ट हवीच कशाला असं विचारणाऱ्यांसाठी. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा आपल्याकडच्या गावागावातल्या पोरापोरींचे लाखांनी जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले, आणि त्यातल्या एकाशीही परत संपर्क करायची सोय त्यांच्या हातात नव्हती. स्पॉटिफाय सांगतं गाणं कुठल्या शहरात किती वाजलं, पण ऐकणारा कोण ते नाही. बँडकॅम्प या गाणी विकायच्या साइटवर विकत घेणाऱ्याने परवानगी दिली तर त्याचा ईमेल मिळतो, पण मराठी गाणी तिथनं विकत घेणारे आम्हाला तरी मोजकेच भेटले. व्हॉट्सॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टला २५६ ची मर्यादा, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. मेलच्या लिस्टची फाइल मात्र तुमच्याकडे राहते, कंपनी बदला नाहीतर बुडू दे.

गोळा करणं हा वेगळाच तमाशा. आधी दारात वही ठेवली, तर अर्धे पत्ते वाचताच येईनात, एक की शून्य की ओ. मग क्यूआर लावला, तर लोकांना वाटलं पैसे मागतायत! काहींनी थेट यूपीआय अ‍ॅपनेच स्कॅन केला आणि चालत नाहीये म्हणून सांगायला आले. आता वर मोठ्या अक्षरात ‘पैसे नकोत, ईमेल द्या’ लिहिलंय, शेवटच्या गाण्याच्या आधी स्टेजवरनं सांगतो आणि नाव देणाऱ्याला एक न रिलीज केलेलं रेकॉर्डिंग लगेच जातं. हे चाललं.

जीमेलवरनं फुकटात पाठवू असं डोक्यात असेल तर काढा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल-याहूने नियम कडक केलेत, दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुम्हीच पाठवलाय हे पटवणाऱ्या तांत्रिक नोंदी) सगळं लागतं, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात. आपण एवढे मोठे नाही, पण @जीमेल पत्ता लावून दुसऱ्या सर्व्हिसमधनं मेल पाठवलात तर तो स्पॅममध्ये जायची शक्यता भरपूर. स्वतःचं डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) घ्या, वर्षाला चहाच्या खर्चाएवढंही होत नाही.

तर तो पत्ता. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार प्रत्येक जाहिरातीच्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा खरा पोस्टाचा पत्ता लागतो, आणि ही कंपनी तो सगळ्यांच्याच मेलखाली छापते. साइनअप करताना दिलेला पत्ता म्हणजे आमचं घर! फ्लॅट नंबर, सोसायटी, जवळची खूण, पिनकोड, सगळं साग्रसंगीत, आमच्या गाण्याच्या खाली. काढायची सोय नाही, फॉन्ट बारीक करायची सोय नाही, राखाडी केला तर वॉर्निंग येते. बाकी एवढं मोठं सॉफ्टवेअर, आणि रोज मला हाच एक पत्ता दिसायचा. बाबांनी तर विचारलं की उद्या कोणी उधारी मागायला आलं तर काय करायचं.

पण खरं सांगतो, मध्येच मत जरा हललं. अमरावतीच्या एका काकांनी त्याच पत्त्यावर पाकीट पाठवलं. आमच्या नाशिकच्या कार्यक्रमात त्यांनी काढलेले फोटो, चक्क प्रिंट काढून, आणि दोन पानी पत्र. मेलखाली पत्ता दिसला म्हणून पाठवतोय असं लिहिलेलं. इन्स्टावर हजार हार्ट आले तरी बाबा चष्मा लावून बघत नाहीत, ते फोटो बघितले. तरीही मी पोस्टात जाऊन भाड्याने पोस्ट बॉक्स घेतला. पाकिटं येऊ देत, माणसं नकोत.

आणि ते काका नाशिकला आले कसे? फॉर्ममध्ये शहर विचारतो म्हणून. हा एकच रकाना सगळ्या फीचरपेक्षा भारी. नाशिक ठरवायच्या आधी लिस्टमध्ये तिथले किती ते बघितलं, फक्त त्यांना आणि आसपासच्यांना लिहिलं, अमरावतीवाल्यांना उगाच घातलं होतं खरंतर, काकांची लेक नाशिकला असते हे मला काय माहीत! पुण्यातल्यांना नाशिकची तिकिटं विकत बसलं की लोक कंटाळून अनसबस्क्राइब करतात, आणि मग त्यांचेही पैसे आपणच भरायचे, वर सांगितलंच.

ओपन रेट, म्हणजे किती जणांनी मेल उघडला तो आकडा, बघून खूश होऊ नका. २०२१ पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप, प्रायव्हसीचं सेटिंग चालू असलं की, मेलमधली चित्रं (उघडणं त्यावरनंच मोजतात) आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. आमच्या परदेशातल्या मंडळींचे आकडे म्हणूनच एवढे गोड. मी रिप्लाय मोजतो. पुढच्या वेळी कुठलं जुनं गाणं वाजवू असं शेवटी विचारलं की उत्तरं येतात, पोस्टर चिकटवून पाठवलं की एकही नाही.

वार्षिक प्लॅन घेणार नाही, महिन्याचाच चालू ठेवतोय. झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीच्या कैलाश नाध यांनी बनवलेलं लिस्टमंक हे लिस्ट सांभाळायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याला अ‍ॅमेझॉनची एसईएस ही मेल पाठवायची सर्व्हिस जोडली तर हजार मेलला दहा सेंट पडतात, फक्त सर्व्हर स्वतः सांभाळायचा. आमच्या ड्रमरचा भाऊ बसवून देतो म्हणालाय. गणपतीत म्हणाला होता. कोणी स्वतः बसवलं असेल तर खाली सांगा, ड्रमरच्या भावाच्या भरवशावर बसलो तर अजून एक स्लॅब जाईल.