शालिमारजवळचे जुन्या पुस्तकांचे दुकान

अमेरिकन साहित्यातील स्वच्छंदतावाद (रोमँटिसिझम, म्हणजे भावना, कल्पना आणि निसर्ग यांना महत्त्व देणारा साहित्यप्रवाह) मुळातून वाचायचा असेल, तर नाशिकच्या शालिमार परिसरातील या लहानशा दुकानात अवश्य जावे. हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०), मेलव्हिलची ‘मोबी डिक’ (१८५१) आणि थोरोचे ‘वॉल्डन’ (१८५४) ही अवघ्या चार वर्षांच्या अवधीत प्रसिद्ध झालेली तिन्ही पुस्तके मला तेथे एकाच फळीवर मिळाली.

तक्रार एकच. ‘मोबी डिक’च्या प्रतीत अर्पणपत्रिकेचे पान फाटलेले होते, आणि मेलव्हिलने ही कादंबरी हॉथॉर्नलाच अर्पण केलेली असल्याने ते पान नसणे मला फार खटकले, मात्र मालकांनी काहीही कुरकुर न करता माळ्यावरून दुसरी, धड प्रत काढून दिली.

‘वॉल्डन’ची प्रत तर मी जपून ठेवणार आहे. तळ्याकाठी राहणारा थोरो रोज सकाळी भगवद्गीतेच्या तत्त्वज्ञानात आपली बुद्धी न्हाऊ घालतो आणि त्या तळ्याचे पाणी गंगेच्या पवित्र पाण्यात मिसळते असे म्हणतो, त्या परिच्छेदाखाली आधीच्या कोणा वाचकाने पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘गोदावरी’ असे लिहून ठेवले आहे. किंमतही वाजवी आहे.