स्वस्तातला कॉम्प्रेसर, बेस गिटारसाठी घ्यावा काय?

गणपतीत बेळगावातल्या अनगोळच्या मंडळात वाजवायचं होतं म्हणून दोन हजाराच्या आतला तीन नॉबचा मिनी कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर उचलणारं पेडल, घेतला, आता तीन महिने झाले रोज वापरतोय, आणि खरं सांगतो, गिटारवाल्यांनी डोळे झाकून घ्या! क्लीन आवाजात सूर लांब टिकतो, बारीक वाजवलेलं पण नीट ऐकू येतंय. एमएक्सआर कंपनीच्या डायना कॉम्प या कॉम्प्रेसरला तर दोनच नॉब, आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी, पण तेवढ्यावर लोकांनी अख्खं आयुष्य वाजवलंय, त्यामुळे नॉब मोजत बसू नका.

बेसवर मात्र जरा सांभाळून. सस्टेनचा (सूर किती टिकवायचा त्याचा) नॉब घड्याळातल्या दोनच्या जागेपुढं नेला की सगळ्यात जाड ई तारेचा खालचा दम जातो आणि शांत जागी सूं सूं आवाज येतो, कारण बारीक आवाज वर उचलताना हा खरखर पण उचलतो. मी तो नॉब घड्याळातल्या दहाच्या जागी ठेवतो आणि अटॅक सावकाश, म्हणजे बोटाचा ठोका आधी सुटतो आणि मग आवाज दाबला जातो, स्लॅपला, म्हणजे अंगठ्यानं तार ठोकून वाजवायला, हेच पाहिजे. बेसवाल्यांनो, जमलं तर ब्लेंड नॉबवाला बघा, मूळ आवाज सोबत राहतो.

बॅटरीला आत जागाच नाही, ९ व्होल्टचा सेंटर निगेटिव्ह अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, खडेबाजारात पेडल घेताना तो पण लगेच मागून घ्या.