शिक्षेचा तक्ता की न्यायाधीशांचा विवेक?

भाची कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. शिक्षा ठरलेल्या तक्त्यानुसार द्यावी की न्यायाधीशांच्या विवेकावर सोडावी, या वादविवादात कुठली बाजू घ्यावी, यावर अडली होती. म्हटलं, दोन्ही एकाच मापाने मोजू.

समानतेत अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांचा शिक्षेचा तक्ता पुढे. उभे गुन्ह्याच्या गांभीर्याचे 43 स्तर, आडव्या पूर्वगुन्ह्यांच्या 6 श्रेणी. 18व्या स्तरावर पहिल्या श्रेणीला 27 ते 33 महिने, सहाव्या श्रेणीला 57 ते 71. आपल्याकडे साध्या चोरीला ‘तीन वर्षांपर्यंत’ कैद किंवा दंड. त्या ‘पर्यंत’मुळे एक जण दंड भरून घरी जाऊ शकतो, दुसरा दोन वर्षं आत. हे मला फार खुपतं.

माणूस दिसतो तो मात्र आपल्याकडे. सत्र न्यायालयात दोषी ठरल्यावरही शिक्षेबाबत आरोपीचं वेगळं ऐकून घ्यावं लागतं: वय काय, घरी कोण अवलंबून आहे.

तक्त्यातली चूकही सरसकट लागू होते. शिक्षा ठरवताना क्रॅक कोकेनचा (कोकेनचेच ओढायचे खडे) 1 ग्रॅम कोकेन पावडरच्या 100 ग्रॅमइतका धरला जाई. 2010मध्ये ते प्रमाण 18 वर आलं. शिवाय 2005 पासून तक्ता न्यायाधीशांना फक्त सल्ल्यापुरता आहे, बंधनकारक नाही.

भाचीला सांगितलं, रोजच्या, एकसारख्या गुन्ह्यांसाठी तक्त्याची बाजू घे. फाशीचा प्रश्न असेल तिथे विवेकाचीच.