फाउंड्रीचे कार्यालय नव्याने सजवताना: चित्र, वस्तू की प्रत्यक्ष धातू?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतण्याचा कारखाना, चालवणारे मालक कार्यालय नव्याने करून घ्यायचे ठरवतात, तेव्हा त्यांची पहिली अपेक्षा बहुधा अशी असते की, आत पाऊल टाकताच आपला धंदा ओळखू आला पाहिजे. ही अपेक्षा रास्त आहे. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातून आलेला माणूस पुष्कळदा प्रत्यक्ष भट्टीपर्यंत जातच नाही. तो स्वागतकक्षात बसतो, बैठकीच्या खोलीत बोलतो आणि निघतो. तिथे जिप्समचे छत आणि गुळगुळीत फरशी एवढेच असेल, तर आत बिडाचे (ओतीव लोखंडाचे) कास्टिंग, म्हणजे ओतकाम, होते हे त्याला कळायला काही मार्ग उरत नाही. सजावटकार या अपेक्षेवर साधारणपणे तीन मार्ग सुचवतात: भिंतीवर चित्रे छापणे, धंद्यातल्या जुन्या वस्तू मांडणे, आणि आपण ओततो तोच धातू फरशीत, कठड्यात, टेबलात वापरणे.

पहिल्या मार्गाबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. वितळलेल्या लोखंडाच्या धारेचे भिंतभर छायाचित्र स्वस्त पडते, दोन दिवसांत लागते आणि नको झाले की काढता येते. भाड्याच्या जागेत तोच मार्ग सोयीचा आहे. मात्र ते चित्र बाजारातून विकत घेतलेले असेल, तर तुमच्या कारखान्यात वीस वर्षे मोल्डिंग, म्हणजे वाळूचे साचे, करणारा कारागीर त्याच्याकडे वळूनही पाहणार नाही. चित्रच लावायचे असेल, तर ते आपल्याच शेडमध्ये, आपल्याच पाळीत काढून घ्यावे. अशी चित्रे ज्या विनाइलवर (चिकटवायच्या प्लास्टिकच्या पडद्यावर) छापतात, त्याच्या कडा ओलाव्याने सुटतात, म्हणून कोल्हापूरच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूवर ते लावू नये.

चित्राच्याच जातीचा, पण महागडा प्रकार म्हणजे वस्तूचा आकारच वास्तूला देणे. अमेरिकेत ओहायोतील नेवार्क येथे लाँगाबर्गर या टोपल्या बनवणाऱ्या कंपनीने 1997 मध्ये सात मजली टोपलीच्या आकाराचे मुख्यालय बांधले. कंपनीने 2016 मध्ये ते सोडले आणि पुढे त्या इमारतीला नवा वापर मिळणे अवघड गेले. क्रूसिबलच्या, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्याच्या, आकाराचे स्वागत-टेबल करण्यापूर्वी हे उदाहरण आठवावे.

उरलेले दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पाहायला मिळतात, ते जॉन डीअर या शेती-यंत्रांच्या कंपनीच्या मुख्यालयात. इलिनॉय राज्यातील मोलीन येथे 1964 मध्ये सुरू झालेल्या या वास्तूसाठी वास्तुरचनाकार ईरो सारिनेन यांनी कॉर-टेन पोलाद निवडले. हे पोलाद उघड्यावर गंजते आणि तोच गंज पुढे त्याचे रक्षण करतो, त्यामुळे इमारतीला शेतात राबलेल्या अवजारासारखा तपकिरी रंग आला. त्याच आवारात सजावटकार अलेक्झांडर गिरार्ड यांनी सुमारे 180 फूट लांबीच्या मांडणीत शेतीच्या जगातील दोन हजारांहून अधिक वस्तू बसवल्या. एकीकडे धातू, दुसरीकडे वस्तू. आणि दोन्ही त्या धंद्यातून आलेल्या.

आपल्याकडे धातूचा मार्ग निवडताना मात्र वजनाचा हिशेब आधी करावा लागतो. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि 12 मिलिमीटर जाड बिडाची लादी सुमारे 8 किलो भरते, म्हणजे एका चौरस मीटरला सुमारे 86 किलो. माणसे आणि सामान यांच्यासाठी कार्यालयाच्या स्लॅबवर साधारणपणे चौरस मीटरला 250 ते 400 किलो भार धरलेला असतो. त्यातला मोठा हिस्सा नुसती फरशीच खाऊन टाकते, म्हणून वरच्या मजल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे काम करूच नये. शिवाय रोजच्या ओल्या फडक्याने लाद्यांच्या सांध्यांत गंज धरतो, आणि घासून गुळगुळीत केलेले बीड ओल्या चपलेखाली निसरडे होते. माझ्या मते फरशीचा हट्ट सोडून जिथे हात लागतो तिथे बीड वापरावे: जिन्याचा कठडा, टेबलाचे पाय, दाराची मूठ.

वस्तूंच्या मार्गात फाउंड्रीसारखा श्रीमंत धंदा दुसरा नाही, कारण तिच्या माळ्यावर जुने लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूच्या साच्यात आकार उठवायचे नमुने, पडलेले असतात. असा एखादा पॅटर्न हातात घेऊन पाहावा. कडांना रंगाचे पोपडे, खिळ्याने ठोकलेला क्रमांकाचा पत्रा, आणि कोपऱ्याकोपऱ्यात पॅटर्नमेकरने पटाशीने काढलेली गोलाई. बीड घट्ट होऊन थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून एक मीटरच्या भागासाठी पॅटर्न एक सेंटिमीटर मोठा असतो. पॅटर्न आणि त्यावरून ओतलेला भाग, म्हणजे कास्टिंग, शेजारी शेजारी ठेवले, तर पाहुण्याला हा फरक डोळ्यांनी दिसतो आणि बोलणे आपोआप कामाकडे वळते. भिंतभर छायाचित्राला हे जमत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती बहुतेकांना उशिरा आठवते. जॉब फाउंड्रीतले, म्हणजे दुसऱ्यांसाठी भाग ओतून देणाऱ्या कारखान्यातले, पुष्कळ पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचे असतात. एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या माणसासमोर मांडणे हा विश्वासाचा भंग आहे, म्हणून लेखी परवानगी घ्यावी किंवा आपल्या मालकीचे, बाद झालेले पॅटर्नच निवडावेत. लाकडाला कीड लागलेली नाही ना, हेही आधी तपासून घ्यावे. वापरलेली मोल्डिंगची वाळू काचेच्या उघड्या हंड्यांत भरून ठेवण्याची कल्पना कोणी मांडली, तर ती स्पष्टपणे नाकारावी; त्या वाळूतली सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन माणसाला कायमचे आजारी करते.

जागा भाड्याची असेल, तर स्वतःची छायाचित्रे आणि दोन-तीन पॅटर्न पुरेत. जागा स्वतःची आणि तळमजल्यावर असेल, तर पॅटर्नच्या भिंतीवर मुख्य खर्च करावा आणि धातू मोजक्या ठिकाणी आणावा. सुरुवात मुख्य दाराच्या मुठीपासून करता येईल. तिचा पॅटर्न आपल्याच पॅटर्नशॉपमध्ये करावा, ती आपल्याच भट्टीत ओतावी, आणि पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठणारी रेघ) तळव्याला लागणार नाही अशा बाजूला घेऊन फेटलिंग करणाऱ्यालाच, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणाऱ्यालाच, ती स्वतः धरून पाहायला सांगावी.