एफईसीची (फेडरल इलेक्शन कमिशनची) साईट: अमेरिकेत निवडणुकीला पंचवीस डॉलर द्यायच्या आधी इथे डोकावून या (फुकट आहे)

सुरुवात आईच्या फोनने झाली. आम्ही मूळचे बेळगावचे, आता मिशिगनमध्ये कँटनला राहतो. आई म्हणाली, "अगं तो श्री ठाणेदार आपल्याकडचा, चिकोडीचा ना, त्याला पाडायला माणसं उभी राहिलीत म्हणे, दे की थोडे पैसे त्याला." मी म्हटलं आई, ते इथले खासदार खरे, पण आमचा मतदारसंघ वेगळा, त्यांचा तेरावा, डेट्रॉइटचा, आणि पाडायला निघालेत ते त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातले आहेत. तर आई गप्पच. मग म्हणते, "पक्षातलेच? मग तिकीट कोण देतंय त्यांना?"

इथेच आपल्या लोकांची गाडी अडते. आपल्याकडे तिकीट वरून येतं, ज्याचं कापलं तो बंडखोरी करतो नाहीतर रात्रीत पक्ष बदलतो. इथे तिकीट कापायला वर कोणी बसलेलंच नाही. ठरलेल्या सह्या आणायच्या, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदानाने ठरवणाऱ्या निवडणुकीत, नाव लावायचं, आणि चालू खासदाराविरुद्ध सरळ लढायचं, मिशिगनमध्ये ही प्रायमरी ऑगस्टमध्ये असते. फक्त त्यासाठी पैसे लागतात, प्रचंड लागतात, आणि ते आले कुठून आणि गेले कुठे हे बघायची सोय म्हणजे फेडरल इलेक्शन कमिशनची साईट. रिव्ह्यू तिचाच आहे.

आधी मी तिथे गेले का ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एका उमेदवाराला दहा डॉलर दिले होते, कोणाला ते जाऊदे. ज्या पानावरून दिले (नाव घेत नाही) तिथे दर महिन्याला पैसे कापायची टिक आधीच मारून ठेवलेली, माझ्या लक्षात चौथ्या महिन्यात आलं. शिवाय माझा नंबर कुठे कुठे फिरला देव जाणे. ३० सप्टेंबरची रात्र, पावणेबारा वाजलेत, मी डिशवॉशर लावतेय आणि फोन सारखा टिणटिणतोय, "मध्यरात्रीच्या आत फक्त १५ डॉलर, नाहीतर सगळं संपलं". नवरा म्हणाला कोणी आजारी आहे का. तर नाही हो, तिमाही संपत होती! ३० सप्टेंबरपर्यंतचा हिशोब १५ ऑक्टोबरपर्यंत कमिशनकडे द्यावा लागतो, आणि तो आकडा पेपरात छापून येतो, त्यावरून कोण तगडा कोण लंगडा ते ठरतं, म्हणून ही आरडाओरड.

तर साईट. लॉगिन नाही, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. राज्य निवडायचं, जिल्हा निवडायचा (इथे मतदारसंघाला डिस्ट्रिक्टच म्हणतात), वर्ष निवडायचं, की सगळे उमेदवार एकाखाली एक येतात, पुढे तीन रकाने, जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. किराणाच्या वहीसारखं. नवखा माणूस जमेचा आकडा बघून भुलतो, मी पण भुलले होते. बघायची असते ती शिल्लक. तिमाहीत तीन लाख जमवले आणि पावणेतीन लाख पुढचे पैसे मागणाऱ्या मेसेजवर आणि सल्लागारांवर उडवले तर टीव्हीवर जाहिरात कशाने करणार?

त्याच्यापुढे एक ओळ असते, उमेदवाराने स्वतः दिलेलं कर्ज. ठाणेदारांच्या २०२२ च्या पानावर ही ओळ बघा म्हणजे खेळ कळतो. केमिकल टेस्टिंग लॅबच्या धंद्यात पैसा कमावलेला माणूस, स्वतःचे लाखो डॉलर टाकून उतरले. तुम्हीआम्ही एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरपर्यंतच देऊ शकतो (२०२५-२६ चा आकडा, प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगवेगळी धरतात म्हणून दोन्ही मिळून ७,०००), पण उमेदवाराने स्वतःच्या खिशातून किती घालावे याला मर्यादाच नाही, सुप्रीम कोर्टाने १९७६ सालीच तसं सांगून ठेवलंय. २०१८ ला ते गव्हर्नरसाठी उभे होते तेव्हाचा हिशोब मात्र इथे शोधत बसू नका, तो राज्याचा विषय. माझा अर्धा तास त्यात गेला.

आणि २०२२ च्या प्रायमरीचा निकाल काय, तर नऊ उमेदवार, ठाणेदार साधारण २८ टक्क्यांवर जिंकले. पन्नास टक्के लागत नाहीत, दुसरी फेरी नाही, ज्याची मतं जास्त तो गेला मुख्य निवडणुकीला. दुसरे आले अॅडम हॉलियर. त्यांच्या स्वतःच्या पानावर बघितलं तर वाटतं की बिचाऱ्याकडे फार काही नव्हतं, पण साईटवर बाहेरच्या खर्चाचं पान वेगळं आहे आणि तिथे दिसतं की आयपॅक या इस्रायल-समर्थक संघटनेच्या सुपर पॅकने (बाहेरून प्रचारावर खर्च करणारा गट) त्यांच्यासाठी ४० लाख डॉलरच्या वर ओतले होते. उमेदवाराशी संगनमत न करता कोणी कितीही खर्च करू शकतं, म्हणून तो त्यांच्या खात्यात दिसत नाही. त्यामुळे एकच पान बघून मत बनवू नका, दोन्ही बघा. एवढं करून हॉलियर हरले, आणि २०२४ ला परत आले तर वैध सह्या हजार पण भरल्या नाहीत म्हणून नावच बॅलटवर आलं नाही. हजार सह्या हो! आमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी गोळा करणारी पोरं याहून जास्त दारं वाजवतात. २०२६ साठी राज्याच्या विधानसभेतले डोनावन मॅककिनी उतरले, जस्टिस डेमोक्रॅट्स या डाव्या गटाचा पाठिंबा घेऊन, आणि तेरावा कृष्णवर्णीय बहुसंख्य शहराचा मतदारसंघ असल्याने तिथल्या लोकांची आपल्यातला प्रतिनिधी असावा ही भावना आहेच, ती काही पैशाच्या रकान्यात दिसत नाही.

खर्चाचं पान मला सगळ्यात आवडलं. एकेक ओळ, कोणाला दिले, कशासाठी दिले, कुठल्या तारखेला. वाचायला बसलं की उठवत नाही. व्हर्जिनियातलं २०१४ चं गाजलेलं उदाहरण, रिपब्लिकनांचे सभागृहनेते एरिक कँटर, एवढा मोठा माणूस, आणि त्यांना प्रायमरीत डेव्ह ब्रॅट नावाच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाने पाडलं. तेव्हा पत्रकारांनी असेच हिशोब उघडून दाखवलं की कँटरच्या प्रचाराने नुसत्या स्टेकहाउसमध्ये १,६८,००० डॉलरच्या वर खर्च केलेत, आणि ब्रॅटची अख्खी निवडणूक साधारण दोन लाखांत झाली होती. मटण खाऊन हरले बघा! आता याचा अर्थ पैसा लागत नाही असा नाही, चालू खासदार इथे दहातले नऊ तरी परत निवडून येतातच, आणि २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये जमाल बोमन या चालू खासदाराला प्रायमरीत पाडायला एकट्या आयपॅकच्या त्याच सुपर पॅकने जवळपास दीड कोटी डॉलर लावले. गंमत म्हणजे तेच बोमन २०२० ला एलियट एंगल या जुन्या खासदाराला पाडून आले होते. आज सून, उद्या सासू.

आता चांभारचौकशीबद्दल. साईटवर कोणाचंही नाव टाकून त्याने कोणाला किती दिले ते बघता येतं, गाव, नोकरी, कंपनी सकट. नियम असा की एका उमेदवाराला २०० डॉलरच्या वर गेलं की नाव लागतं, पण अॅक्टब्लूसारख्या, ऑनलाईन देणग्या उमेदवाराकडे पोचवणाऱ्या मधल्या संस्थेमार्फत दिले तर पाच-दहा डॉलरचं पण नाव त्या संस्थेच्या हिशोबात येतं. हे मला आधी माहीत नव्हतं. मी आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या सहा जणांची नावं टाकली (हो, टाकली, तुम्ही पण टाकाल) आणि पार्टीत "मी राजकारणात पडत नाही" म्हणणारे एक काका दोन्ही पक्षांना देतात हे कळलं. फक्त या यादीवरून कोणाला वर्गणी मागायला किंवा धंद्यासाठी फोन करायचे नाहीत, कायद्याने बंदी आहे, आणि ती कोणी मोडली तर पकडायला प्रचारवाले अहवालात काही खोटी नावं पेरून ठेवू शकतात, त्याला कायद्यात परवानगी आहे. कोणाचं डोकं हो हे!

व्हिसावाल्यांसाठी महत्त्वाचं, एच-वन वर असाल तर एक डॉलर पण द्यायचा नाही. ग्रीन कार्ड असेल तर देता येतं, मत मात्र नाही. मतदारसंघाबाहेरून कोणीही देऊ शकतं, म्हणून देणगीदारांची यादी राज्यानुसार चाळून बघा, घरच्या लोकांपेक्षा कॅलिफोर्निया-न्यूयॉर्कच जास्त दिसलं तर समजायचं काय ते.

कमी काय आहे तर वेग. तीन महिन्यांनी हिशोब येतो, मग प्रायमरीच्या १२ दिवस आधी एक, आणि शेवटच्या दिवसांत हजार डॉलर किंवा त्यावरच्या देणग्या ४८ तासांत कळवाव्या लागतात, बाकी मधल्या काळात अंधार. मोबाईलवर ते लांबलचक तक्ते बघणं म्हणजे शिक्षा, लॅपटॉप घ्या. आणि साईट दाखवते, पकडत नाही. सहा सभासदांच्या कमिशनला निर्णयाला चार तरी लागतात आणि मे २०२५ पासून तेवढे उरलेच नव्हते, वही उघडी पण हेडमास्तर रजेवर. पाचपैकी चार देते.

परवा आईचा परत फोन. "मग दिलेस की नाही?" दिले म्हटलं, पंचवीस. कोणाला ते विचारायच्या आत मी पाऊस कसा आहे बेळगावात ते विचारलं. साईटवर माझं नाव टाकून बघायचं तिला अजून कोणी शिकवलेलं नाही, माझा भाचा तेवढा तिच्या घरी सुट्टीला जाणार आहे.