एस्प्रेसो मशीनचे क्षार काढायची पावडर: काम चोख, भाव जरा जास्त
चार स्टार. पाकिटावर वाचलं तर आत नुसतं सायट्रिक अ‍ॅसिडच आहे, म्हणून भाव थोडा टोचतो. पण काम करते बुवा. पंप घरघरायला लागलेला, कॉफी थेंब थेंब पडायची, मग कोमट पाण्यात विरघळवून टाकीत ओतली, थोडं ग्रुपहेडमधून (जिथून कॉफी पडते तो भाग), थोडं स्टीम वँडमधून (दुधाला वाफ देणारी नळी) सोडलं, मशीन बंद करून वीसेक मिनिटं तसंच ठेवलं आणि परत चालू केलं तर गढूळ पांढरं पाणी, त्यात चुन्याच्या बारीक खपल्या! व्हिनेगरचा वास जसा मागे राहतो तसं हिचं होत नाही. फक्त नंतर दोन टाक्या साधं पाणी काढाच, नाहीतर पहिला शॉट (एस्प्रेसोचा छोटा कप) आंबटढाण. बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर आधी मॅन्युअल बघा, अ‍ॅसिड त्याला खातं.