हिंदमाताजवळचे बॅगवाले मामा (आणि जर्मनीहून तीन चाकांवर घरी आलेली माझी बॅग)

दुकानाला बोर्ड नाहीये, त्यामुळे नाव विचारू नका. मुंबईत हिंदमाताच्या कपडा मार्केटच्या मागच्या गल्लीत शिरलात की एका जिन्याखाली शिलाई मशीन, ड्रिल आणि चाकांनी भरलेले पत्र्याचे डबे दिसतील, तेच दुकान. गल्लीत कोणालाही 'बॅगवाले मामा' विचारा, सांगतात.

आता एवढ्या साध्या दुकानावर एवढं लांबलचक का लिहितोय ते सांगतो. कंपनीने आम्हा पाच जणांना सप्टेंबरात 22 दिवस जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं होतं, औषधाच्या गोळ्यांची स्ट्रिप बनवणारी ब्लिस्टर मशीन असते ना, तिचं सर्व्हिसिंग. राहायला श्वेबिश हाल नावाच्या गावात होतो. त्या पट्ट्यात पॅकिंग मशीन बनवणाऱ्या कंपन्या इतक्या आहेत की पॅकेजिंग व्हॅलीच म्हणतात त्याला. गाव एकदम कॅलेंडरवरच्या फोटोसारखं, पण जुन्या भागात रस्ते दगडी, एकेक दगड वर आलेला, आणि असल्या रस्त्यावर आपली चार चाकांची स्पिनर बॅग चालत नाही, नाचते. मग काय, तिरकी करून दोन चाकांवर ओढायची. येताना ओढली, मधल्या एका वीकेंडला ट्रेनने फिरायला गेलो तेव्हा ओढली आणि निघताना तर 22.8 किलो भरून ओढली, त्यात आईसाठी साल काढायची सुरी, चॉकलेटं आणि मशीनचे मॅन्युअल, जे पीडीएफमध्ये पण होते पण आमच्या दादाला (टीममधला सगळ्यात सिनियर) छापील लागतात आणि त्याच्या बॅगेत जागा नव्हती.

फ्रँकफर्टहून मुंबई आठ-साडेआठ तास. टी-टूला उतरलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेलेला, इमिग्रेशनला अर्धा तास, मग बेल्टवर वाट बघत उभे. बावीस दिवस एका किचनमध्ये मॅगी केलेली माणसं आम्ही, पण बेल्टजवळ उभं राहिल्यावर प्रत्येकाचं तोंड आपापल्या घराकडे झालेलं, कोणाला कल्याण, कोणाला वसई, कोणाला पनवेल, सगळे फोनमध्ये. माझी बॅग सगळ्यात शेवटी आली आणि उचलली तर एक चाक हाऊसिंगसकट (चाक बसतं तो कप्पा) गायब, नुसतं भोक आणि त्यात वाकलेली रिव्हेट.

मी तसाच ग्रीन चॅनलकडे (कस्टम्समधून बाहेर पडायची वाट) निघालो होतो, म्हटलं मरू दे, घरी जाऊ. दादाने कॉलर धरून थांबवलं, "आधी रिपोर्ट लिही, बाहेर पडलास की हे कुठे तुटलं ते कोणी विचारणार नाही." आणि बरोबर होतं त्याचं. बॅग तुटली, हरवली, उशिरा आली तर बेल्टच्या हॉलमध्येच एअरलाइनच्या काउंटरवर पीआयआर म्हणजे प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट बनवून घ्यायचा, त्याचा नंबर घ्यायचा आणि फोटो तिथेच काढायचे. शिवाय तुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत करावी लागते आणि उशिरा आलेल्या बॅगेची 21 दिवसांत, हा मॉन्ट्रियल कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाच्या कराराचा नियम आहे आणि भारत त्यात 2009 पासून आहे. भरपाईची कमाल मर्यादा आधी 1,288 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) होती ती 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 झाली, म्हणजे रुपयांत पावणेदोन लाखाच्या वर. पण हुरळून जाऊ नका, ती वरची हद्द आहे, मिळतं ते झालेल्या नुकसानापुरतं आणि तेही मिळालं तर. मला आठ दिवसांनी मेल आला की चाकं, हँडल, पट्टे यांची मोडतोड 'सर्वसाधारण झीज' धरली जाते, सहानुभूती आहे. एअरलाइनचं नाव घेत नाही. बॅग कंपनीच्या वॉरंटी कार्डावर तर आधीच छापलेलं होतं की विमान प्रवासातली मोडतोड कव्हर होत नाही, मग सूटकेस काय पोटमाळ्यावर ठेवायला विकता का राव?

असो. त्या रात्री लालबागला घरी पोचलो तेव्हा साडेतीन वाजलेले. चाळीत तिसरा मजला, लाकडी जिना. चांगल्या बॅगेचा नुसता खडखडाट होतो, हिचा प्रत्येक पायरीला धाड असा आवाज. दुसऱ्या मजल्यापर्यंत तीन घरांतले दिवे लागले, एका काकूंनी दाराच्या फटीतून विचारलं, "आलास का रे जर्मनीहून? बॅग उचल की हातात." आई दारातच उभी, वरणभाताचा कुकर गॅसवर, पहाटे साडेतीनला. माझ्या शरीराच्या हिशोबाने रात्रीचे बाराच वाजले होते म्हणून खरंच भूक पण लागलेली. दोनदा भात घेतला.

मग बॅगेचं काय करायचं? नवीन घे म्हणाले सगळे. बॅग 4,200 ची सेलमध्ये घेतलेली, पॉलीकार्बोनेटची, बॉडीला एक चीर नाही, आणि एका चाकासाठी भंगारात टाकायची हे सर्व्हिसवाल्या माणसाला कसं पटणार. कुर्ल्याला राहणाऱ्या आमच्यातल्याच एकाने या मामांचा पत्ता दिला.

मामांनी बॅग उलटी केली, चारही चाकं बोटाने फिरवली आणि म्हणाले, "ही दोन ओढायची बाजू आहे ना? तुटलंय एक पण दुसरंपण मेलंय, बघ." बघितलं तर खरंच, बेअरिंगमध्ये प्ले म्हणजे ढिलेपणा आलेला आणि रबर एका बाजूने घासून सपाट. बावीस दिवस आम्ही शाफ्टचा प्ले मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायला शिकत होतो आणि आमच्या पाचातल्या एकाच्याही हे लक्षात आलं नाही!

मग आतल्या अस्तराची चेन उघडली, ड्रिलने जुन्या रिव्हेटांची डोकी उडवली, डब्यात हात घालून चार-पाच हाऊसिंग लावून बघितली आणि एक जोडी बरोबर बसवली. परत रिव्हेट मारणार म्हणून मी बघत होतो तर त्यांनी नट-बोल्ट काढले, आतून मोठा वॉशर, नायलॉक नट, म्हणजे आतून नायलॉनची रिंग असलेला, हादऱ्याने सैल न होणारा. म्हणाले, "रिव्हेट तुटली की दुकान शोधावं लागतं. हे तू घरी पान्ह्याने काढशील." म्हणजे स्वतःचंच पुढचं गिऱ्हाईक घालवलं की माणसाने. बोल्टची टोकं कपड्यांना लागू नयेत म्हणून वर रबरी टोप्याही बसवल्या, हे मी सांगितलं नव्हतं.

वेळ पाऊण तास, पैसे दोन्ही चाकांचे मिळून 380. घासाघीस केली नाही, लाज वाटली.

आता खोड्या. 'दहा मिनिटांत येतो' म्हणून चहाला गेले ते पंचवीस मिनिटांनी आले. बिल नाही, यूपीआय चालतं. माझी बॅग ग्रे, नवी चाकं काळी, ग्रे मिळतच नाहीत म्हणे. आणि अस्तर एका कोपऱ्यात उसवलेलं होतं ते फुकट शिवून दिलं पण निळ्या दोऱ्याने, का कोण जाणे. टाइल्सवर डावं चाक थोडं टकटक करतं, डांबरी रस्त्यावर काही नाही. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या चहाचा कापला.

दुपारी दोन ते चार बंद असतं, रविवारी सकाळी उघडं. पावसाळ्यात जाऊ नका, हिंदमाताला पाणी भरलं की मामा डबे वर टांगून घरी बसतात. काल दादाचा फोन आला, त्याच्या बॅगेचं हँडल वर येत नाहीये, आणि ते मॅन्युअल अजून माझ्याकडेच आहेत, तर म्हणाला शनिवारी हिंदमातालाच भेटू.